कुंडखेड फार्मावर न पडलेल्या ६६.४ मिलिमीटर पावसाची नोंद रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
पर्जन्य नोंद कक्ष,
बुलढाणा.

अर्जदार: धम्मरत्न जानराव हिवाळे, व्यवस्थापक तथा मानसेवी पर्जन्य निरीक्षक, कुंडखेड पशुसंगोपन फार्म, मु. कुंडखेड, धाड रस्ता, जि. बुलढाणा.

विषय: दि. २६ ऑगस्ट २०२३ ची पावसाची नोंद ६६.४ ऐवजी ०.० करून कुंडखेड गावाचा पाण्याचा टँकर पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. २८ ऑगस्ट (कारण: तांत्रिक चूक).
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, दि. ३१ ऑगस्ट (कारण: अज्ञात व्यक्ती).
३) कक्षाचे पत्र, दि. १ सप्टेंबर.

महोदय,

१. शनिवार, दि. २६ ऑगस्ट रोजी सकाळी साडेआठ वाजता कुंडखेड फार्मावरील पर्जन्यमापकाच्या बाटलीत पाणी आढळले. अर्जदाराने ते मापनळीत ओतून मोजले. नळी सहा वेळा पूर्ण भरली आणि सातव्या वेळी ६.४ च्या रेघेपर्यंत आली. आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी अर्जदाराने कक्षाच्या क्रमांकावर "६६.४" असा संदेश पाठवला. त्या दिवशी कुंडखेड येथे पाऊस पडलेला नव्हता.

२. या अर्जात "अर्जदार" असा उल्लेख असलेला इसम फार्मावर आठ वर्षांपासून व्यवस्थापक आणि पर्जन्य निरीक्षक आहे. फार्म म्हणजे टेकडीच्या उतारावरचे कुरण, गुरांचे तीन गोठे, एक बोअर, एक हौद आणि व्यवस्थापकाचे दोन खोल्यांचे घर. घर आणि गोठा यांच्यामध्ये, जनावरांनी अंग घासू नये म्हणून तारेच्या कुंपणात, पर्जन्यमापक बसवलेला आहे. महसूल मंडळाचे स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्र जूनमध्ये दुरुस्तीसाठी उतरवले गेले. तेव्हापासून फार्मावर जो पाऊस मोजला जातो, तोच कुंडखेड धरून आजूबाजूच्या सात गावांचा पाऊस म्हणून धरला जातो. ही जबाबदारी अर्जदाराने मागून घेतली होती, हेही नमूद करणे योग्य होईल. फार्मावर येण्यापूर्वी अर्जदार एका दैनिकाचा वार्ताहर होता. बातमी वेळेत गेली पाहिजे आणि जे पाहिले तेच गेले पाहिजे, या दोन सवयी त्याला तिथे लागल्या. पहिली सवय अजून शाबूत आहे. दुसरीविषयी पुढे लिहिले आहे.

३. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून कुंडखेडला पाऊस नव्हता. अर्जदार रोज साडेआठला कुंपणाचे फाटक उघडून बाटली काढत असे, ती कोरडी असे, आणि तो "निरंक" लिहून घरी परतत असे. घरी पत्नी पुष्पांजली चुलीपुढून एकच शब्द विचारी, "किती?" अर्जदार म्हणे, "निरंक." यापलीकडे या विषयावर घरात बोलणे होत नसे. मात्र तो शब्द आपण कोणत्या चेहऱ्याने उच्चारतो, याची अर्जदाराला कल्पना नव्हती. आता आहे.

४. दि. २६ रोजी पहाटेपासून अर्जदार गोठ्यात होता. एक कालवड पहिल्यांदाच वीत होती आणि वासरू आडवे आले होते. पश्चिमेकडे ढग गडगडत होते, वीजही दिसली. वासरू सुटे झाले तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. अर्जदाराने हात धुतले आणि तो थेट कुंपणाकडे गेला. बाटली उचलताच ती जड लागली. त्या क्षणी अर्जदाराला जो आनंद झाला, तो या अर्जात लिहिण्यासारखा नाही. पण पुढची चूक त्यातूनच घडली, म्हणून त्याचा उल्लेख करणे भाग आहे. अर्जदाराने नळी सपाट दगडावर ठेवली, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या पातळीला आणला, प्रत्येक नळी दोनदा वाचली. त्याचे गुडघे ज्या मातीत टेकले होते ती कोरडी होती. पायजम्यावर धूळ लागली, ती त्याने झटकली. कुंपणाच्या तारेवर एकही थेंब नव्हता. हे सर्व त्याच्यासमोर होते आणि त्याने ते पाहिले नाही. गुराखी कडूबा गोठ्याच्या दारातून ओरडून म्हणाला, "भाऊ, कशाचं मोजून राह्यले?" अर्जदाराने हाताने त्याला थांबवले, कारण आकडा पाठवण्याची वेळ होत आली होती.

५. त्या दिवशी पुष्पांजली पहिल्या एसटीने अमडापूरला, तिच्या बहिणीकडे गेली होती. ती संध्याकाळी परतली. पिशवी खाली ठेवण्याआधीच तिने हसत विचारले, "काय हो, सकाळी हसले की नाही?" अर्जदाराने कशाला हसायचे, असे विचारले. त्यावर ती म्हणाली, "अवं माय! भांड्यातलं पाणी नाही पाह्यलं का?" अर्जदाराने पाहिले, मोजले आणि पाठवले, असे सांगितले.

६. तिने नंतर जे सांगितले ते अर्जदार तिच्याच शब्दांत देत आहे. त्यात एकही शब्द घातलेला किंवा गाळलेला नाही. "रोज उठून रिकामं भांडं पाहून राह्यले तुम्ही. येता तं तोंड असं उतरते, जसा पाऊस तुमीच अडवून धरला हाय. मले वाटलं, एक दिवस तरी पाणी पाहू द्या माणसाले. देवाबिवाले नाही घातलं म्या, आपण काही तसलं मानत नाही. तुमच्यासाठी घातलं. अंगण कोरडं ठाक होतं. मी म्हटलं, खाली पाहतील, समजंल, हसतील. मले काय माहीत, तुमी खाली पाहतच नाही म्हणून." एसटीला निघण्यापूर्वी तिने खुंटीवरची किल्ली घेतली, फाटक उघडले, पाण्याचा भरलेला तांब्या नरसाळ्यात रिता केला आणि फाटक पुन्हा नीट लावून किल्ली जागेवर ठेवली. याखेरीज तिने यंत्राला हात लावलेला नाही.

७. खातरजमा म्हणून अर्जदाराने त्याच रात्री तो पितळी तांब्या काठोकाठ भरून त्याच मापनळीने मोजला. तो ६६.४ भरला. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात एक लिटर पाणी पडले तर पन्नास मिलिमीटर पाऊस होतो. तांब्यात लिटरभराहून थोडे अधिक मावते. पासष्टच्या वर आकडा गेला की कागदावर अतिवृष्टी होते. पुष्पांजलीच्या आईकडून आलेला हा तांब्या जरा लहान असता, तर सात गावांत नुसताच चांगला पाऊस झाला असता.

८. अर्जदाराने लगेच फोन केला. त्या दिवसाची नोंद दुपारीच बंद झाली आहे, आता लेखी अर्ज द्यावा, असे सांगण्यात आले. सोमवारी कुंडखेडला टँकर आला नाही. मंडळात समाधानकारक पर्जन्य झाल्यामुळे पुढील आदेशापर्यंत फेऱ्या स्थगित, असा निरोप चालकाकडून कळला. गावची विहीर जुलैतच तळाला गेली आहे. त्या दिवशी दहाच्या सुमारास गावातल्या बाया हंडे घेऊन फार्माच्या फाटकाशी आल्या. सर्वांत पुढे सरस्वतीबाई होत्या. त्यांच्या घरी सून नुकतीच बाळंत झाली आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या फारमावर ढग फुटला म्हणतात. आमच्या वाट्याचे दोन हंडे काढून द्या. घरात ओली बाळंतीण हाय, नाहीतर आलीच नसती मी मागाले." हे त्या रागाने बोलल्या नाहीत. रागाने बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

९. तेव्हापासून फार्मावरचा हौद रोज सकाळी गावासाठी उघडला जातो. बोअरचे पाणी इतके नाही. गुरांना दुपारचे पाणी बंद करावे लागले आहे. कडूबाने विचारले, "ढोरायले काय सांगू? नोंदीतलं पाणी पाजू?" कडूबा मनाने वाईट नाही. धाड रस्त्याच्या फाट्यावरील हॉटेलात अर्जदार आता चहाला थांबत नाही. शेवटचा थांबला तेव्हा कोणी तरी मागून म्हणाले, "हिवाळे भाऊ, उद्या आमच्या वावरात पण पाडा नं थोडा," आणि सगळे हसले. चहाचा कप संपवल्याशिवाय उठणे बरे दिसले नसते, म्हणून अर्जदाराने तो संपवला.

१०. आता पहिल्या अर्जाविषयी. त्यात अर्जदाराने "तांत्रिक चुकीमुळे" असे लिहिले. हे खरे नव्हते. त्यावरून एक पथक मापक तपासायला आले. त्यांना तो उत्तम स्थितीत, समतल आणि स्वच्छ आढळला, आणि तसा शेरा त्यांनी दिला. अर्जदाराने तोंडी विनंती केली की, पाऊस पडला नसल्याचा पंचनामा तरी करावा. पथकातील गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, "पडलेल्या पावसाचा नमुना आहे आमच्याकडे. न पडलेल्याचा नाही." शेवटी आहे त्याच नमुन्यात पंचनामा करण्यात आला. "अतिवृष्टीमुळे झालेले नुकसान" या रकान्यात पंचांनी प्रामाणिकपणे "निरंक" लिहिले आणि सह्या केल्या. हा पंचनामा कक्षात पोहोचल्यावर त्याचा अर्थ असा लावण्यात आला की कुंडखेड येथे अतिवृष्टी झाली, परंतु सुदैवाने नुकसान झाले नाही. गेल्या आठ वर्षांत या निरीक्षकाची एकही नोंद दुरुस्त करावी लागलेली नाही, असाही शेरा त्यावर आहे. तो शेरा चांगल्या हेतूने लिहिलेला आहे. अर्जदाराला तो पुन्हा वाचवत नाही.

११. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने लिहिले की, "अज्ञात व्यक्तीने मापकात पाणी टाकले असावे." हे पहिल्याहून खोटे होते. अर्ज लिहून तो टेबलावर वाळत ठेवल्यासारखा ठेवला होता, आणि पुष्पांजलीने तो वाचला. ती दहावीपर्यंत शिकलेली आहे आणि अर्जदाराच्या बातम्या छापायला जाण्याआधी वाचून काढण्याची तिला पूर्वीपासून सवय आहे. त्या वेळी ती चुकलेला शब्द बोटाने दाखवत असे. या वेळीही तिने एका शब्दावर बोट ठेवले. "सव्वीस वर्षं झाली तुमच्या घरात," ती म्हणाली, "अन् मी अज्ञात?" तिला वाचवण्यासाठी तसे लिहिले, असे अर्जदाराने सांगितले. "मले वाचवलं का सोताले?" एवढेच विचारून ती दूध काढायला गेली. तरीही अर्जदाराने तो अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल केला. त्याबद्दल तो आपली आणि तिची, दोघांची क्षमा मागतो.

१२. त्यावर दि. १ सप्टेंबरचे पत्र आले. पत्रानुसार बंद झालेली नोंद बदलण्यास दोनच कारणे ग्राह्य आहेत: यंत्रातील बिघाड आणि बाह्य हस्तक्षेप. बिघाड नाही हे पथकाने सिद्ध केलेलेच आहे. हस्तक्षेप असल्यास हस्तक्षेप करणाऱ्याचे नाव आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. तक्रार, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने स्वतः द्यावी. यंत्र अर्जदाराच्या ताब्यात आहे. म्हणजे अर्जदाराने आपल्या पत्नीविरुद्ध तक्रार दिली तर नोंद बदलेल, आणि नोंद बदलली तर गावाला पाणी मिळेल.

१३. अर्जदाराने ते पत्र घडी करून खिशात ठेवले आणि कोणाला सांगितले नाही. शनिवारी, रविवारी आणि सोमवारीही ते खिशातच होते. या काळात बाया हौदावर येत राहिल्या, गुरे दुपारी हौदाच्या कडेला उभी राहून रिकाम्या सिमेंटला जीभ लावत राहिली, आणि अर्जदार रोज साडेआठला "निरंक" लिहीत राहिला. सोमवारी कपडे धुवायला काढताना पत्र पुष्पांजलीच्या हाती लागले. तिने ते उभ्याउभ्याच वाचले आणि म्हणाली, "लिवा नं माझं नाव. हात माझा, तांब्या माझ्या मायचा. सरस्वतीबाईची सून हंडाभर पाण्यासाठी तोंड पाहून राह्यली, अन् तुमी माझं नाव जपता?" अर्जदार म्हणाला की ठाण्यात नाव गेले की ते पुसले जात नाही. ती म्हणाली, "तुमच्या कागदावरचा पाऊसबी कुठं पुसला जाऊन राह्यला?"

१४. सबब, तिच्या सांगण्यावरून आणि तिच्या देखत, अर्जदार येथे नाव लिहीत आहे: मापकात पाणी घालणारी व्यक्ती अर्जदाराची पत्नी सौ. पुष्पांजली धम्मरत्न हिवाळे ही आहे. मात्र अर्जदार तिच्याविरुद्ध तक्रार देणार नाही. कारण हस्तक्षेपाने नोंद चुकलेली नाही. तिने घातलेले पाणी कोणत्याही शहाण्या माणसाला दिसले असते. ते पावसाचे नाही हे सांगण्यासाठी अख्खे कोरडे अंगण समोर होते. नोंद चुकली ती निरीक्षकाने अंगण न पाहिल्यामुळे. त्याने फक्त भांडे पाहिले, कारण भांड्यात जे होते ते त्याला हवे होते.

१५. म्हणून नम्र विनंती की:

(अ) नोंद बदलण्याच्या कारणांत "निरीक्षकाची चूक" हे तिसरे कारण ग्राह्य धरावे, आणि त्याखाली दि. २६ ऑगस्टची नोंद ०.० करावी.

(आ) चौकशी किती दिवस चालायची ती चालो. कुंडखेडचा टँकर त्याआधी सुरू करावा. सात गावांपैकी बाकीची सहा अजून आपापल्या विहिरींवर तग धरून आहेत. कुंडखेड नाही.

(इ) अर्जदारास निरीक्षक पदावरून कमी करावे. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत वाचन कडूबा करील. त्याला लिहिता येत नाही, पण पाऊस पडला की नाही हे त्याला विचारावे लागत नाही.

(ई) गतवर्षी मिळालेले "उत्कृष्ट निरीक्षक" प्रशस्तिपत्र सोबत परत करीत आहे. ते घराच्या भिंतीवर, दारासमोरच लावलेले होते. येणाऱ्या बाया हंडा भरता भरता ते वाचत.

(उ) आपल्या कक्षातील कोणत्याही कागदावर पुष्पांजलीच्या नावाच्या जागी "अज्ञात" हा शब्द आता राहू नये, आणि दुसऱ्या अर्जातून तो खोडून काढावा.

वरील मजकूर अर्जदाराने स्वतः लिहिलेला असून तो खरा आहे. आधीचे दोन खरे नव्हते, त्यामुळे याही वाक्यावर आपण विश्वास ठेवालच असे नाही, याची त्याला जाणीव आहे.

आपला,
चुकलेल्या नोंदीस एकटा जबाबदार,

(सही)
धम्मरत्न जानराव हिवाळे
कुंडखेड, दि. ४ सप्टेंबर २०२३, रात्री.

ता. क. (मंगळवार, दि. ५ सप्टेंबर, सकाळी अकरा चाळीस):

वरील अर्ज आज पहिल्या एसटीने बुलढाण्याला नेऊन आवक टेबलावर देण्याचे ठरले होते. सकाळी सात वाजता पुष्पांजलीने इस्त्रीचे लुगडे नेसले, तांब्या राखेने घासून कापडी पिशवीत घातला आणि ती धाडच्या जीपला निघाली. अर्जदार तक्रार देत नसेल तर आपण स्वतः ठाण्यात जाऊन सांगून येऊ, मग प्रत जोडता येईल, असे तिचे म्हणणे होते. अर्जदाराने तिला अडवले. ती म्हणाली, "ढोरं पहा तुमी. अन् भांडं पाहाल तं खालीबी पहा." त्यानंतर फाटकापर्यंत गेल्यावर ती वळली आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच तिने विचारले, "किती?" तेव्हा साडेआठ वाजायचे होते. वाचन झाल्याशिवाय आकडा सांगण्याची सवय नसल्याने अर्जदार गप्प राहिला, आणि जीप आली.

साडेआठचे वाचन: ०.०. अंगण पाहिले: कोरडे. तारा पाहिल्या: कोरड्या. तिचा फोन लावला, तो घरातच फडताळावर वाजला. टँकर आलेला नाही.

सोबत:
१) कक्षाच्या दि. १ सप्टेंबरच्या पत्राची प्रत.
२) पंचनामा ("नुकसान निरंक").
३) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
४) पितळी तांब्या, एक नग: जोडता आला नाही. तो घेऊन पुष्पांजली ठाण्यात गेली आहे. अद्याप परतलेली नाही.